तिजोरीत साठलेला धूर

मुंबईच्या कोणत्याही उपनगरी स्थानकाबाहेर संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहावे आणि कोपऱ्यावरच्या पानपट्टीकडे पाहावे. कचेऱ्या सुटलेल्या असतात, गाड्या भरभरून येत असतात, आणि त्या गर्दीतून एकेक माणूस बाजूला होऊन पानपट्टीशी थांबतो. तो फारसे बोलत नाही. एक नोट पुढे करतो, एक बोट वर करतो, आणि त्याच्या हाती एक सुटी सिगारेट पडते. दोरीला बांधलेला लायटर टपरीच्या कडेला लोंबत असतोच. या माणसांच्या मागोमाग पाठीवर दप्तर असलेला एखादा मुलगाही येतो. त्यालाही कोणी वय विचारीत नाही. पाकीट त्याला दिसत नाही. त्या पाकिटाच्या पंच्याऐंशी टक्के भागावर छापलेले सडलेल्या घशाचे चित्रही दिसत नाही. त्याला दिसते ती हाती आलेली एक पांढरी कांडी, आणि खिशात उरलेले सुटे पैसे.

हा व्यवहार बेकायदेशीर आहे, हे किती वाचकांस ठाऊक आहे? राज्य सरकारच्या आरोग्य विभागाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी व सुट्या बिड्या विकण्यास बंदी केली. बंदीमागचा विचार चोख होता. कायद्याने पाकिटावर धोक्याची सूचना छापावयास लावली. पण जो पाकीट विकतच घेत नाही, त्याला ती सूचना दिसावयाची कशी? ज्याच्या खिशात संबंध पाकिटाचे पैसे नसतात तो विद्यार्थी, तो उमेदवारी करणारा पोऱ्या सुट्या सिगारेटीच्याच पायरीने या व्यसनात उतरतो. ती पायरी काढून टाकावी, असा त्या आदेशाचा हेतू होता. आज ती पायरी जागच्या जागी आहे, आणि आदेश मात्र फायलीत आहे.

याबद्दल टपरीवाल्याला धारेवर धरणे सोपे आहे, पण आम्ही तसे करणार नाही. तो पोटासाठी जे खपते ते विकतो. आमचा प्रश्न त्याला नसून सरकारला आहे. स्वतःच काढलेला आदेश अमलात आणण्याची या सरकारला, आणि तंबाखूच्या बाबतीत कोणत्याही सरकारला, इतकी अनिच्छा का असावी? आमच्या मते याचे उत्तर पोलिसांच्या अपुऱ्या संख्येत शोधण्यात अर्थ नाही. ते उत्तर सरकारच्या तिजोरीत आहे. सरकार या धंद्याचे नियंत्रक आहे, करवसुली करणारे आहे, आणि आडवाटेने भागीदारही आहे. ज्याचा वाटा गल्ल्यात आहे, तो गल्ला उलथवील कसा?

सिगारेट प्राणघातक आहे हे सिद्ध व्हावयाचे अजून राहिले आहे, असे म्हणण्याची सोय आता कोणालाही उरलेली नाही. इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्येच दाखवून दिला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९५५ साली, आपल्या परळच्या कर्करोग संशोधन केंद्रातील डॉ. वसंत रामजी खानोलकर, डॉ. एल. डी. संघवी आणि त्यांचे सहकारी यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखविणारा निबंध ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. हे ज्ञान परदेशातून आयात करण्याची आपल्याला गरजच नव्हती. ते याच शहरात, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टापूत, मराठी संशोधकाच्या नेतृत्वाखाली तयार झाले होते. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेजने आणि जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. आपल्या देशात पाकिटावर साधी दोन ओळींची सूचना छापण्याचा कायदा व्हावयास १९७५ साल उजाडावे लागले, आणि सर्वंकष कायदा होण्यास २००३.

डॉल यांनी ब्रिटनमधील चौतीस हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या आयुष्याचा मागोवा १९५१ पासून पन्नास वर्षे घेतला. २००४ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष प्रत्येक धूम्रपान करणाऱ्याने कागदावर लिहून खिशात ठेवावा असा आहे. आयुष्यभर सिगारेट ओढणारा माणूस सरासरीने दहा वर्षे आधी मरतो. पण याच अभ्यासाने आशेची बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली आहे. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याला सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला नऊ. आणि तिशीत सोडणाऱ्याचे जवळजवळ काहीच बुडत नाही. हा हिशेब ज्यांचा मांडला ते डॉक्टर होते. त्यांना औषध, पथ्य आणि उपचार यांची वाण नव्हती. तरीही त्यांची दहा वर्षे गेली.

आपल्याकडची स्थिती याहून बरी असेल, अशी कोणाची समजूत असल्यास ती सोडून द्यावी. देशातील सुमारे अकरा लाख घरांतून गोळा केलेल्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सिगारेट ओढणाऱ्या भारतीय पुरुषाची दहा वर्षे जातात, बिडी ओढणाऱ्या पुरुषाची सहा आणि बिडी ओढणाऱ्या स्त्रीची आठ, असे त्यात आढळले. धूम्रपानाने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे सत्तर टक्के मृत्यू तीस ते एकोणसत्तर या वयात होतात, म्हणजे नेमके कर्तेपणाच्या वर्षांत होतात. बिडी ही साधीसुधी, पानात गुंडाळलेली, म्हणून सौम्य, हा भ्रमही खुद्द मुंबईनेच खोटा ठरविला आहे. १९९१ ते १९९७ या काळात या शहरातील सुमारे दीड लाख प्रौढांची नोंद करून पुढे त्यांच्या मृत्यूंचा मागोवा घेण्यात आला. तेव्हा बिडी ओढणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षाही अधिक निघाले. तंबाखूच्या सर्व प्रकारांमुळे देशात दरवर्षी सुमारे साडेतेरा लाख माणसे मरतात. महाराष्ट्रात ओढणाऱ्यांहून चघळणाऱ्यांची संख्या कितीतरी अधिक आहे. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे आणि त्याकडे आम्ही पुन्हा वळू.

परंतु साडेतेरा लाख हा आकडा वाचून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. म्हणून आकडा बाजूला ठेवून परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरचा पदपथ पाहावा. बीड, बुलढाणा, बिहार, बंगाल अशा दूरदूरच्या गावांहून आलेली कुटुंबे तेथे पथारी टाकून राहतात. कोणी दागिना मोडून आलेला असतो, कोणी वावर गहाण टाकून. आणि हे केवळ गरिबाचेच दुखणे आहे असे समजून मध्यमवर्गाने सुटकेचा निःश्वास टाकू नये. अठ्ठेचाळीस वर्षांचा कारकून वा अभियंता सकाळी छातीत कळ येऊन कोसळतो, तेव्हा घराच्या कर्जाचे हप्ते अर्धे उरलेले असतात, मुलगी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात असते, आणि म्हाताऱ्या आईला औषध कोणी आणावयाचे हा प्रश्न दुसऱ्या दिवशीच उभा राहतो. कोणाची पायाची रक्तवाहिनी बंद होऊन पाय कापावा लागतो. कोणाचे फुप्फुस इतके जर्जर होते की दोन जिने चढणे हा त्याला पर्वत होतो. धुराचे आणखी एक बिल घरातल्या माणसांच्या नावे फाडले जाते. धूम्रपान करणाऱ्यांच्या, स्वतः कधीही न ओढणाऱ्या पत्नींना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो, हे जपानी संशोधक हिरायामा यांनी १९८१ मध्येच दाखविले आहे.

आता तिजोरीकडे वळू. तंबाखूच्या करातून शाळा चालतात, रस्ते होतात, तेव्हा ही सोन्याची कोंबडी कापू नये, असा युक्तिवाद अर्थखात्याच्या दालनांतून पिढ्यान् पिढ्या होत आला आहे. या कोंबडीचा हिशेब एकदा कोणीतरी मांडावयास हवा होता, आणि तो मांडला गेला आहे. २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूजन्य रोगांवरील उपचार आणि अकाली मृत्यूंमुळे बुडालेले उत्पन्न यांमुळे देशाला १,७७,३४१ कोटी रुपयांचा फटका बसला, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नातील शंभर रुपयांमागे एक रुपयाहून अधिक! आणि त्याआधीच्या वर्षी तंबाखूवरील उत्पादनशुल्कातून सरकारला मिळालेली रक्कम या नुकसानीच्या अवघी बारा टक्के होती. बारा रुपये घेऊन शंभर रुपये घालविणाऱ्या व्यापाऱ्याला बाजारात दिवाळखोर म्हणतात. सरकारी भाषेत मात्र याला महसूल म्हणतात. फरक इतकाच की बारा रुपये जमा होतात ते अर्थखात्याच्या वहीत, आणि शंभर खर्ची पडतात ते रुग्णाच्या घरात. ज्याच्या वहीत जमाच तेवढी दिसते, तो धंदा बंद करावयास कशाला उठेल?

आणि गोष्ट एवढ्यावरच थांबत नाही. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. सामान्य माणसाची बचत सुरक्षित राहावी आणि ती राष्ट्राच्या कामी यावी, हा त्यामागचा उदात्त हेतू होता. आज त्याच महामंडळाकडे देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे सुमारे पंधरा टक्के भाग आहेत. ही कंपनी आता कणीक विकते, वह्या विकते, हे खरे. पण तिच्या नफ्याचा सर्वांत मोठा झरा अजूनही सिगारेटच आहे. यातला विरोधाभास पाहा. महामंडळाच्या काही योजनांत विमा उतरविणाऱ्याला आपण धूम्रपान करता काय, असा प्रश्न विचारला जातो, आणि उत्तर होय असल्यास हप्ता अधिक आकारला जातो. म्हणजे सिगारेट आयुष्य कमी करते हे महामंडळाला पुरते ठाऊक आहे. ते त्याच्या दरपत्रकात लिहिलेले आहे! आणि तोच हप्ता सिगारेटीच्या धंद्यात गुंतलेला आहे. या गुंतवणुकीविरुद्ध २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली होती. लाभांश येतो म्हणून ही गुंतवणूक योग्य, असे समर्थन कोणी केले, तर त्याला आमचा एकच सवाल आहे. लाभांश हीच एक कसोटी असेल, तर राष्ट्रीयीकरण कशासाठी केले होते?

बिडीच्या बाबतीत तर सरकारची दुबळी दयाबुद्धी अधिकच घातक ठरली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेट चाळीस टक्क्यांच्या सर्वोच्च गटात टाकण्याचे ठरविले, ते योग्यच झाले. परंतु त्याच बैठकीत बिडीवरचा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर आणि तेंदूपानावरचा अठरावरून पाचवर आणण्याचा निर्णय झाला. कारण सांगितले जाते ते बिडी कामगारांचे. हे कारण आम्ही हसण्यावारी नेत नाही. सोलापूर, सिन्नर, संगमनेर येथील हजारो स्त्रिया सुपात पाने आणि तंबाखू घेऊन दिवसभर मान मोडून बिड्या वळतात. मजुरी मिळते ती हजारी हिशेबाने. तंबाखूची भुकटी त्यांच्या नाकातोंडात जाते, आणि शेजारी तान्हे मूल निजलेले असते. अशा नोंदलेल्या कामगारांची संख्या देशात सुमारे पन्नास लाख आहे. पण कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणून या स्त्रीच्या मजुरीत आपोआप एक पैसाही वाढत नाही. स्वस्त झालेल्या बिडीने मरतो तो तिच्याच वस्तीतला हमाल, तिचाच नवरा, तिचाच भाऊ. गरिबाला स्वस्तात मरू देणे म्हणजे गरिबाची कणव नव्हे. तिला कणव दाखवावयाची असेल, तर तिच्या हाताला दुसरे काम द्यावे, तिच्या मुलीला शाळा द्यावी, आणि त्यासाठी लागणारा पैसा बिडीवरच्या वाढीव करातूनच उभा करावा.

कोणी म्हणेल की, माणूस आपल्या देहाचा धनी आहे. त्याने काय ओढावे आणि काय ओढू नये हे ठरविणारे तुम्ही कोण? व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार आम्हीही घेतो, आणि म्हणूनच या प्रश्नाला उत्तर देतो. स्वातंत्र्य म्हणजे जाणून उमजून केलेली निवड. सिगारेटीची निवड बहुधा मिसरूड फुटण्याच्या वयात होते. निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, आणि वर्षभरात अशी स्थिती येते की निवड करणारा माणूस उरतच नाही, उरते ती तलफ. बरे, ही निवड तरी निर्मळपणे झाली काय? डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांचे धुरीण न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमले, आणि जानेवारी १९५४ मध्ये चारशेहून अधिक वृत्तपत्रांत पानपानभर निवेदन देऊन त्यांनी विज्ञानाबद्दल संशय पसरविण्यास प्रारंभ केला. या कंपन्यांनी दशकानुदशके जनतेची फसवणूक केली, असा निर्णय २००६ मध्ये अमेरिकन न्यायालयाने दिला. आपल्याकडे १९९६ सालची विश्वचषक क्रिकेट स्पर्धा एका सिगारेटीच्या नावाने खेळली गेली, आणि कोट्यवधी मुलांनी ते नाव आपल्या लाडक्या खेळाडूंच्या संगतीत पाहिले. याला निवडीचे स्वातंत्र्य म्हणावयाचे, तर गळाला लागलेल्या माशाचेही स्वातंत्र्य मानावे लागेल!

तर मग सरसकट बंदीच का घालू नये? आम्ही ती मागणी करीत नाही. भूतानने २००४ मध्ये तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली, चोरटा व्यापार वाढला, आणि अखेर ती बंदी उठवावी लागली. दारूबंदीच्या काळातील मुंबईच्या हातभट्ट्यांची आठवण ज्यांना आहे, त्यांना हा धडा नव्याने शिकविण्याची गरज नाही. शिवाय देशात सुमारे दहा कोटी प्रौढ धूम्रपान करतात. दहा कोटी नागरिकांना एका रात्रीत गुन्हेगार ठरविणे हे शहाणपण नव्हे. ते आपले वडील, भाऊ, मित्र आहेत. ते रोगी आहेत, शत्रू नव्हेत.

पण बंदी नको, याचा अर्थ काहीच करता येणार नाही असा कोणी करू नये. याच मुंबईत लोकलच्या डब्यात, बसमध्ये, कचेरीत, सिनेमागृहाच्या व्हरांड्यात, इतकेच काय, इस्पितळाच्या जिन्यातही माणसे खुशाल सिगारेट ओढीत असत. ते दृश्य आज जवळजवळ नाहीसे झाले आहे. मुंबईचे मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपान थांबविण्याचे आदेश दिले. २००३ मध्ये कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८ पासून नियम देशभर लागू झाले, आणि लोकांनी ते पुष्कळ अंशी पाळले. तंबाखूचे सेवन करणाऱ्या प्रौढांचे देशातील प्रमाण २००९-१० मध्ये ३४.६ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २८.६ टक्क्यांवर आले. कायदा आणि लोकमत हातात हात घालून चालले म्हणजे काय होते, याचा हा दाखला आहे. आपले लोक ऐकत नाहीत, ही सबब सरकारने पुढे करू नये.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आणि नेमक्या आहेत. सुट्या सिगारेट-बिडीवरील २०२० चा आदेश राज्य सरकारने एकतर अमलात आणावा, नाहीतर तो अमलात आणता येत नाही असे विधिमंडळात उभे राहून सांगावे. अंमलबजावणीची सुरुवात शाळा-महाविद्यालयांपासून व्हावी. शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये हा नियम तर २००३ पासूनचा आहे. सार्वजनिक जागी धूम्रपानास दोनशे रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही तेव्हाचीच आहे. ज्या दंडाने कोणाचेच काही बिघडत नाही, तो वाढवावा. किरकोळ किंमतीत कराचा वाटा किमान पंचाहत्तर टक्के असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्र सरकारने सिगारेट व बिडी दोन्हींना तेथवर न्यावे, आणि वाढीव उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा बिडी कामगारांच्या पुनर्वसनासाठी व व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी कायद्याने राखून ठेवावा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सिगारेट सोडू इच्छिणाऱ्याला सल्ला व औषध मिळालेच पाहिजे. ज्याच्याकडून कर घेतला, त्याला सुटकेची वाट दाखविणे हे सरकारचे किमान ऋण आहे. आणि आयुर्विमा महामंडळाने सिगारेटीच्या धंद्यातील आपला वाटा मुदत ठरवून, टप्प्याटप्प्याने, पण निश्चयाने मोकळा करावा.

सरकारला इतके सुनावल्यावर दोन शब्द वाचकांसही सांगणे प्राप्त आहे. कोपऱ्यावरून सिगारेट आणावयास जो बाप आपल्या दहा वर्षांच्या मुलाला पाठवितो, तो त्याला नकळत दीक्षाच देत असतो. सोसायटीच्या जिन्यात धूर काढणाऱ्या शेजाऱ्याला आपण भिडेखातर काही बोलत नाही. आणि आपल्या बचतीचे पैसे कोठे गुंतले आहेत, हे विचारण्याचे कष्टही आपण घेत नाही. सरकारची तिजोरी धुराने भरली असेल, तर त्या धुराचा वास आपल्यालाही इतकी वर्षे आला नाही, ही आपली चूक आहे.

उद्या संध्याकाळी पुन्हा गाड्या भरून येतील, आणि दप्तर पाठीवर असलेला तो मुलगा पुन्हा पानपट्टीशी थांबेल. त्याच्या हाती पडणाऱ्या त्या एका सिगारेटीतून सरकारला काही रुपये मिळतील. त्या मुलाच्या आयुष्याची दहा वर्षे त्या रुपयांच्या बदल्यात देण्याचा अधिकार आपण कोणाला दिला आहे काय? दिला नसेल, तर तसे सरकारला स्पष्ट शब्दांत सांगण्याची वेळ आली आहे.